लिस्बनला वाढणाऱ्या मुलीचे नाव ‘तारा’ ठेवावे का?

प्रश्न असा आहे. डिचोलीला माहेरी बाळंतपण झाले, मुलगी झाली. नवऱ्याच्या सुट्टीसाठी बारसे महिनाभर पुढे ढकलले आहे. नवरा मूळ मडगावचा, पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला नोकरी करतो. वर्षभरात आई आणि बाळही तिकडे जाणार. घरच्यांनी पणजीच्या, म्हणजे आजोबांच्या आईच्या, नावावरून ‘तारा’ हे नाव पक्के केले. नवऱ्याने ते कामावरच्या पोर्तुगीज मित्राला सांगितले, तर तो आधी गप्प झाला आणि मग म्हणाला, हे नाव इकडे नका ठेवू. डिचोलीत आजोबांना ते पटत नाही. परक्यांच्या भाषेसाठी मी माझ्या आईचे नाव का टाकायचे, असे ते विचारतात. दोघांत बरोबर कोण, आणि नाव ठेवलेच तर स्पेलिंग कसे करायचे, हे तुम्हाला हवे आहे.

मी मडगावात वकिली करते. जन्मदाखले, नावदुरुस्ती, पोर्तुगीज नोंदणीसाठी लागणारे जुने कागद हे माझे रोजचे काम. नाव ठेवताना घरात जो आनंद असतो तो माझ्यापर्यंत येत नाही. ते नाव वीस-तीस वर्षांनी कुठे अडते ते मात्र माझ्या टेबलावर येते. त्या बाजूने उत्तर देते.

आधी मित्राचे. तो खरे सांगतो आहे. पोर्तुगीजमध्ये ‘तारा’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे. माल तोलताना रिकाम्या डब्याचे जे वजन वजा करतात त्याला तारा म्हणतात, आणि तिथवर काही बिघडत नाही. पण बोलण्यात त्याचा दुसरा अर्थ जास्त चालतो तो विकृतीचा, त्यातही लैंगिक विकृतीचा. ‘तारादु’ म्हणजे तसला माणूस. शाळकरी मुलांनाही हा शब्द ठाऊक असतो. आणखी एक अडचण अशी की आपण जसे ‘तारा’ म्हणतो, दंत्य त आणि साधा र, तसाच पोर्तुगीज माणूस म्हणतो. इंग्रज ‘टारा’ म्हणेल, त्यामुळे कानाला ते परके नाव वाटेल. लिस्बनमध्ये ते परके वाटणारच नाही. त्यांचाच शब्द म्हणून ऐकू येईल.

आता आजोबांचे. त्यांच्या बाजूलाही तितकेच वजन आहे. अहल्या, द्रौपदी, सीता, तारा, मंदोदरी हा पंचकन्यांचा श्लोक कित्येक घरांत आजही सकाळी म्हणतात. राजाराम महाराजांच्या मागे १७०० पासून औरंगजेबाशी झुंज चालू ठेवणारी ताराबाई, हरिश्चंद्राची तारामती, बौद्धांची तारादेवी, अशी या नावामागे मोठी परंपरा आहे. शिवाय ते तुमच्या पणजीचे नाव आहे, हे तर सगळ्यांत मोठे कारण. हिंदुस्थानाबाहेरही ते सगळीकडे अडत नाही. इराणी आणि कुर्द घरांत तारा हे मुलीचे चांगले नाव आहे. आयर्लंडात मीथ परगण्यातली ताराची टेकडी ही त्यांच्या प्राचीन राजांची जागा, त्यामुळे तिकडे आणि इंग्लंडात मुलींना हे नाव सर्रास ठेवतात. म्हणजे दुबई, मस्कत, लंडन, टोरांटो कुठेही गेलात तर प्रश्न नाही. प्रश्न आहे तो नेमका तुम्ही निघालात त्या गावी.

म्हणून मी तुमचा प्रश्न थोडा फिरवून घेते. जगातल्या कुठल्याच भाषेत वावगा अर्थ निघणार नाही असे नाव सापडेल का, हे शोधत बसू नका, तसे नाव मिळत नाही. हे नाव रोज मोठ्याने कोण हाक मारणार, कुठल्या गावात, आणि मुलगी किती वर्षांची असताना, हे विचारा. माणूस नाव ऐकतो तेव्हा शब्दकोश उघडत नाही, पहिल्या क्षणी कानात जे वाजते त्यावर जातो. मोठी माणसे दुसऱ्या भेटीत ते विसरतात. दहा ते पंधरा वर्षांची मुले विसरत नाहीत, आणि नेमक्या त्याच वयात मुलीला त्याचा त्रास होतो.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेला मोठा भाग म्हणजे लिस्बनमधला मुक्काम. आपल्याकडचे बरेच लोक पोर्तुगीज कागद करून लिस्बनला फक्त उतरायचे आणि इंग्लंडात स्विंडनला किंवा साउथॉलला जायचे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला, आणि तो सरळ रस्ता बंद झाला. आता पोर्तुगीज पासपोर्ट असला तरी इंग्लंडात नोकरीसाठी व्हिसा लागतो. त्यामुळे नव्याने गेलेली कुटुंबे पोर्तुगालमध्येच राहतात, मुले तिथल्याच शाळेत जातात. तुमच्या नवऱ्याची नोकरी कायमची असेल आणि मुलगी पहिलीपासून पोर्तुगीज शाळेत बसणार असेल तर मित्राचे म्हणणे जड होते. दोन-तीन वर्षांत तुम्ही परत येणार असाल किंवा आखातात जाणार असाल तर आजोबांचे जड होते. हे दोघांनी बसून प्रामाणिकपणे ठरवा. ‘बघू पुढे’ म्हणून नाव ठेवू नका.

परदेशात नावाला चिकटणारा प्रत्येक अर्थ सारखा जड नसतो, हेही सांगायला हवे, कारण माझ्याकडे येणारे आईबाप इंटरनेटवर काहीतरी वाचून फार लवकर घाबरतात. कागदावरचे ‘लता’ पोर्तुगीज माणूस ‘लाता’ वाचतो, आणि त्याचा अर्थ पत्र्याचा डबा. ‘उमा’ म्हणजे एक, स्त्रीलिंगी. ‘दिया’ ऐकून त्यांना दिवस आठवतो. ‘राणा’ म्हणजे स्पेनमध्ये आणि इटलीत बेडूक. ‘मीरा’ म्हटले की स्पॅनिश माणसाला ‘बघ’ ऐकू येते. यातले एकही नाव मी बदलायला सांगणार नाही. माझ्या एका पक्षकाराची बायको लता लिस्बनच्या दुकानात काम करते. सुरुवातीला एखादे गिऱ्हाईक हसायचे, आता तिला नावाने हाक मारून भाजी मागतात. वस्तूचे, प्राण्याचे, साध्या क्रियापदाचे नाव असणे ही किरकोळ गोष्ट आहे. मराठीत आपणही माणसाला ‘दगडू’ म्हणतो आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

मुलगा-मुलीचा घोळ त्याहून जरा वरचा. ‘निकिता’ रशियात मुलाचे नाव आहे. ‘आंद्रेआ’ इटलीत पुरुषाचे, आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत मुलीचे. ‘अमल’ आपल्याकडे मुलगा, अरब देशांत मुलगी. यात कुणी चिडवत नाही, पण फॉर्मवर चुकीच्या चौकोनात खूण पडते, वसतिगृहाच्या यादीत नाव भलतीकडे जाते, आणि ती दुरुस्त करत बसावे लागते. सहन होण्यासारखे आहे.

खरे जड अर्थ दोनच प्रकारचे. पहिला शरीराचा आणि लैंगिक शब्दांचा. अग्नी म्हणून ठेवलेले ‘अनल’ इंग्रजी लिपीत लिहून बघा. असे नाव मुलांच्या टिंगलीत तर सापडतेच, शिवाय अश्लील शब्द अडवणाऱ्या संगणकी गाळण्याही ते अडवतात. दुसरा प्रकार इतिहासाच्या जखमेचा. ‘आर्यन’ हे आपल्याकडे गेल्या तीस वर्षांतले लाडके नाव. जर्मनीत १९३३ पासून सरकारी नोकरीत टिकायला आपण ‘आर्य’ असल्याचा पुरावा द्यावा लागत होता, आणि ज्यांना तो देता आला नाही त्यांचे पुढे काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या शिक्षिकेला हजेरी घेताना ते नाव अडखळवते, यात तिचा दोष नाही. तरीही ‘आर्यन’ नाव असलेल्या मुलाला जर्मनीत नेणाऱ्या आईबापांना मी नाव बदला असे म्हणत नाही. त्याचा अर्थ मुलाला नीट समजावून द्या, म्हणजे तो दुसऱ्याला शांतपणे सांगू शकेल, एवढे म्हणते. आपला शब्द त्यांच्याकडे चोरीला गेला म्हणून आपण तो सोडायचा, हे मला पटत नाही. स्वस्तिकाचेही तसेच.

मग ‘तारा’बद्दल मी तसेच का म्हणत नाही? कारण इथे समजावण्यासारखे काही नाही. ‘आर्यन’ला इतिहास सांगता येतो, त्यातून मुलगा मोठाही होतो. अकरा वर्षांच्या मुलीला वर्गातल्या मुलांनी लैंगिक शब्दावरून चिडवले तर तिने संस्कृतचा अर्थ सांगून त्यांची तोंडे बंद होत नाहीत. आपल्या नावाचा मान राखणे हे मोठ्यांचे काम आहे, त्याची किंमत तिने एकटीने शाळेच्या अंगणात भरावी असे मला वाटत नाही. लोकांना आपले नाव नीट उच्चारायला शिकवा, ‘धनश्री’ अवघड आहे म्हणून ‘डॅनी’ होऊ देऊ नका, याच्या मी पूर्ण बाजूची आहे. पण इथे उच्चार अवघड नाहीच.

तर माझे मत: मुक्काम लिस्बनचा असेल तर ‘तारा’ हे पहिले, शाळेच्या हजेरीतले नाव ठेवू नका. पण टाकूनही देऊ नका.

आजोबांना सांगायला एक गोष्ट आहे, आणि ती मनधरणीसाठी बनवलेली नाही. आपल्या धर्मशास्त्रातच एका बाळाला चार नावे सांगितली आहेत: कुलदेवतेवरून, जन्ममासावरून, नक्षत्रावरून आणि व्यवहारातले. बारशाला कानात सांगतात ते आणि चारचौघांत वापरतात ते एकच असले पाहिजे असे नाही. गोव्यात तर सासरी गेलेल्या मुलीचे पहिले नावही बदलायची पद्धत होती. तुमच्या पणजीचे ‘तारा’ हे माहेरचे नाव होते की सासरचे, हे आजोबांना जरूर विचारा. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या कागदांत जन्माच्या नोंदीत एक नाव आणि लग्नाच्या नोंदीत दुसरे, असे नेहमी निघते. पाळण्यातले नाव तारा, घरात सगळ्यांनी तारा म्हणायचे, डिचोलीला आल्यावर ती ताराच. यात पणजीचा कुठलाही अपमान नाही.

पोर्तुगीज कायद्यातही त्याला जागा आहे. तिथल्या नागरी नोंदणी संहितेप्रमाणे मुलाला जास्तीत जास्त दोन पहिली नावे आणि चार आडनावे लावता येतात. नावे पोर्तुगीज वळणाची असावीत असा सर्वसाधारण नियम आहे, पण मूल परदेशात जन्मले असेल किंवा त्याला दुसरे नागरिकत्वही असेल तर परकीय नाव मूळ रूपात ठेवता येते. म्हणजे ‘तारा’ दुसरे नाव म्हणून कागदावरही राहू शकते. शाळेत आणि दवाखान्यात हाक मारताना पहिले नाव आणि आडनाव घेतात, मधले फारसे कुणी उच्चारत नाही. एकाच आईबापांच्या दोन जिवंत मुलांना तेच पहिले नाव तिथे लावता येत नाही, हेही पुढच्या बाळासाठी लक्षात असू द्या.

पहिले नाव कोणते, हे सुचवणे माझे काम नाही. पण पणजीचा अर्थ राखायचा असेल तर आकाशाकडेच बघा. आपल्या पंचांगात मुलींच्या नावांसाठी नक्षत्रे कमी नाहीत: अश्विनी, कृत्तिका, रोहिणी, चित्रा, स्वाती, विशाखा, अनुराधा, रेवती. ही नुसती नावे नाहीत, वर बोट दाखवता येईल असे तारे आहेत. रोहिणी हा लालसर, डोळ्यात भरणारा तारा. स्वाती उत्तरेकडचा फार तेजस्वी. चित्रा त्याच्याच खाली दक्षिणेकडे. लिस्बनच्या गच्चीवरूनही तिला तिचा तारा दाखवता येईल.

फक्त ही नावे पोर्तुगीज तोंडात कशी होतात ते आधी ऐका, कारण तिकडे लिपी इंग्रजीसारखी दिसली तरी वाचन वेगळे. एच मुका असतो. सुरुवातीचा आर घशातून येतो, आपल्या ख-हच्या जवळ. सीएचचा उच्चार श. जेचा उच्चार ‘झ’च्या अंगाने. शब्दाच्या शेवटचा ए अर्धवट गिळतात. म्हणून ‘रोहिणी’ त्यांच्याकडे ‘खोइनी’ होते, ‘चित्रा’ होते ‘शित्रा’, ‘हर्षा’चा ह गळून पडतो, ‘जान्हवी’चा ज ‘झ’कडे झुकतो. ‘रेवती’चा पहिला र घशात जातो, पण बाकी नाव शाबूत राहते. ‘विशाखा’ आणि ‘अनुराधा’ बऱ्यापैकी जशीच्या तशी येतात. मात्र ‘अनुराधा’चे घरी ‘अनु’ होते, आणि पोर्तुगीजमध्ये त्याला अगदी चिकटून एक शरीराचा शब्द आहे, तेव्हा लिस्बनमध्ये पूर्ण नावानेच हाक मारायची सवय लावावी लागेल. टोपणनावाकडे लोक कधीच बघत नाहीत, आणि मूल दिवसातून शंभरदा तेच ऐकते.

तुमच्या मनात जी दोन-तीन नावे राहतील ती नवऱ्याने तिथल्या मित्राला एका कागदावर लिहून द्यावीत, स्वतः न उच्चारता, आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगावे. मग शक्य असेल तर त्याच्या शाळकरी मुलाला किंवा पुतणीलाही वाचायला सांगावे. मोठा माणूस सभ्यतेने गप्प बसेल, मूल लगेच सांगेल काय आठवले ते. तुमच्या नवऱ्याच्या मित्राने स्पष्ट सांगितले, हे तुमचे नशीब. बहुतेकांना असे सांगणारे कुणी भेटत नाही.

आता स्पेलिंगकडे येते. हा भाग मी लांबवणार आहे, कारण अर्थामुळे अडलेले लोक माझ्याकडे क्वचित येतात, स्पेलिंगमुळे अडलेले रोज येतात.

गोव्याला ही दुखणी पोर्तुगीज काळापासूनची आहेत. तेव्हाच्या नोंदणी कार्यालयात कारकून आपली नावे आपल्या कानाने ऐकून पोर्तुगीज लेखनाने लिहायचा. त्या वर्णमालेत के, डब्ल्यू आणि वाय नव्हते. ती अक्षरे अधिकृतपणे आली ती १९९० च्या लेखनकराराने. म्हणून ‘क’ लिहायला कुठे सी, कुठे क्यू-यू. ‘श’साठी एक्स. केशवचे स्पेलिंग क्यूने सुरू होते, नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई येते, शेणव्यांचे ‘सिनाय’ होते, प्रभूचे ‘पोरोबो’. १९६१ नंतर तीच माणसे इंग्रजी कागद करू लागली आणि नाईक के लावून लिहू लागली. आज एकाच घरात आजोबा क्यू-यू-ईवाले, वडील केवाले, आणि लिस्बनला नोंदणी करताना नवरा पुन्हा क्यू-यू-ईवाला, असे चित्र असते. दोन्ही स्पेलिंगे बरोबर आहेत, पण कागद जुळवणाऱ्याला ती दोन वेगळी माणसे वाटतात. मग ‘हा आणि तो एकच’ अशी प्रतिज्ञापत्रे, जुने तेओर (नोंदीची पूर्ण नक्कल) काढणे, भाषांतर, साक्षांकन. एका पक्षकाराच्या मोठ्या मुलीचा दाखला आईच्या इंग्रजी आधारकार्डावरून लिहिला गेला होता आणि धाकट्याचा बापाच्या पोर्तुगीज कागदावरून. सख्खी भावंडे कागदावर वेगळ्या आडनावांची. ते सरळ करताना त्या कुटुंबाचे तिकडे जाणे वर्षभर रखडले.

तुमच्या मुलीच्या बाबतीत मुळाचा कागद म्हणजे इथला जन्मदाखला. लिस्बनची नोंद त्यावरून होणार, पासपोर्ट त्यावरून, शाळा त्यावरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी आपल्याकडेही शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदारयादी, वाहनपरवाना अशा कामांना जन्मदाखलाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो. म्हणून त्यात वडिलांचे नाव अक्षरशः त्यांच्या चालू पासपोर्टवर आहे तसे हवे, तुमचे तुमच्या पासपोर्टवर आहे तसे. बाळाचे आडनाव वडिलांच्या स्पेलिंगने.

‘तारा’त एक ए वाढवून काम भागेल का, असेही तुम्ही विचारले आहे. भागणार नाही. टी-ए-ए-आर-ए लिहिले तरी पोर्तुगीज माणूस ‘तारा’च वाचेल, आणि शाळेत मुले कानाने ऐकतात. अंकशास्त्राच्या सल्ल्याने जास्तीची अक्षरे घालण्याचे वेड इथे फार वाढले आहे. दोन ए, तीन ए, शेवटी एच. माझी हात जोडून विनंती आहे, तसे करू नका. फोनवर नाव सांगताना प्रत्येक वेळी अक्षरे मोजून सांगावी लागतात, आणि एखादा कारकून सवयीने साधे स्पेलिंग लिहितोच. पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनीय ओळीत आडनाव आणि नाव मिळून ३९ जागा असतात आणि तिथे फक्त साधी रोमन अक्षरे चालतात. चिन्हे, मात्रा, डोक्यावरचे टिंब सगळे उतरते. तेव्हा साधे, उच्चाराला जवळचे, एकच स्पेलिंग धरा आणि ते कधीही बदलू नका.

वडिलांचे नाव मध्ये लावायचे का? आपल्याकडे ते सहज लावतात. पण तीन भागांचे नाव लिस्बनच्या नोंदीत गेले की वडिलांचे नाव मुलीचे दुसरे पहिले नाव म्हणून वाचले जाते, आणि दोन नावांची मर्यादा तिथेच भरते. मग ‘तारा’ला जागा उरत नाही. आपल्या जन्मदाखल्यात वडिलांच्या आणि आईच्या नावाचे वेगळे रकाने असतातच, त्यामुळे बाळाच्या नावात ते पुन्हा घालायची गरज नाही. आखातात मात्र उलट आहे. तिथे बापाचे नाव मध्ये असणे लोकांना स्वाभाविक वाटते. काही जण आडनाव गाळून एकच नाव ठेवतात, ते तर अजिबात करू नका. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या प्रवाशांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश देणे थांबवले होते, तेव्हा इथल्या लोकांची किती धावपळ झाली ते आम्ही पाहिले आहे.

नंतर नाव बदलता येत नाही असे नाही. गोव्यात नाव आणि आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याप्रमाणे रीतसर बदल होतो. पण लिस्बनला एकदा नोंद गेली की तीही मग वेगळी बदलून घ्यावी लागते, आणि तोवर मुलीचे पासपोर्ट, शाळा, आरोग्यकार्ड यांवर जुने नाव चढलेले असते. सुरुवातीला दोन महिने जास्त घेतलेले बरे.

आणि ते तुमच्याकडे आहेत. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव त्याच वेळी दिलेच पाहिजे असे नाही. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे नावाशिवाय नोंद करता येते. पुढे बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते, आणि त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. म्हणजे बारशाला कानात ‘तारा’ सांगायला कुणाचीच आडकाठी नाही, पाळणा ठरल्या दिवशी हलू द्या. दाखल्यावरचे नाव नवरा लिस्बनला परतून चार लोकांना वाचायला लावेपर्यंत थांबू शकते.

फक्त एक काम आजच करा. बाळंतपण रुग्णालयात झाले असेल तर जन्माची माहिती त्यांनीच नगरपालिकेकडे पाठवली असेल. त्यात आईबापांची नावे कशी लिहिली आहेत ते तिथे जाऊन डोळ्यांनी पाहा, दोघांचे पासपोर्ट हातात धरून, एकेक अक्षर जुळवून. चूक असेल तर कलम १५ खाली दुरुस्ती मागता येते, आणि बाळाचे नाव चढण्याआधी ती करून घेणे सगळ्यांत सोपे.